शेवंतामावशींची गाईड

लेणं न बघता परत निघालेल्या माणसाला शेवंतामावशी काकडी विकत नसत. कार्ल्याच्या पायऱ्यांवर त्यांची टोपली असे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायच्या, "आत जाऊन आलात का?" नुसतं देवीचं दर्शन घेतलं म्हटलं की हातातली काकडी परत टोपलीत. "शेजारीच हाय, बघून या. काकडी कुटं पळून जात न्हाई." धंदा असा करतात का? मी लेण्याचा रखवालदार, दिवसभर शिट्टी फुंकून वैतागलेला, आणि ह्या बाई आणखी माणसं आत धाडायच्या. माझी त्यांच्यावर कुरकुर होती आणि जीवही होता.

मावशी कार्ल्याच्या बौद्ध वस्तीतल्या. सून रेखा बारावी झालेली. तिला मावशींनीच हट्टानं गाईडचं शिक्षण घ्यायला लावलं. पण गळ्यात ओळखपत्र घालून ती खांबापाशी गप्प उभी राहायची. इकडे मावशींचे गुडघे साथ देईनात. "भाऊ, मी यायची थांबले तर ही बी घरात बसंल," त्या म्हणायच्या. "बोलाया येतं तिला. पर सासरी सुनंला कोन काय इच्यारतंय?"

एका रविवारी कोकणातून देवीला आलेली कोळी मंडळी मावशींनी आत पाठवली. रेखा पुढे झाली, दोन वाक्यं बोलली आणि अडली. तेवढ्यात मावशी टोपली सोडून आत आल्या, मंडळींत बसल्या आणि परक्या बाईसारखं विचारलं, "ताई, छताला हे लाकूड कशापाई?"

रेखा चपापली. मग सांगू लागली, की त्या काळी मोठी घरं लाकडाची असत, म्हणून डोंगर कोरूनही आत लाकडी कमानी बसवल्या. एक म्हातारे कोळी मान वर करून म्हणाले, "आमच्या होडीला आतून अशाच फासळ्या असतात." रेखाला हसू आलं आणि तिची भीड चेपली. मावशींना मात्र आता चेव आला. "आन खांबावर हत्ती कशाला? आन त्यो दगडी घुमट कशाचा?"

"मावशी, जरा थांबा," रेखा म्हणाली. "आधी माझं पुरं होऊ द्या."

मावशी उठून टोपलीकडे गेल्या. चारचौघांत सासूला गप्प केलं, आता घरी काय होतंय, या धास्तीनं मी दुपारी टोपलीपाशी गेलो. मावशी डोळे पुसत हसत होत्या.

"ऐकलंत न्हवं, भाऊ? मला थांबा म्हनाली."

दिवाळीनंतर मावशी यायच्या बंद झाल्या. रेखा रोज येते.