चौदा तासांची तालीम

गल्लीत त्यांना सगळे स्पंजमामा म्हणत. तीस वर्षं सोफे आणि खुर्च्या भरून देणारा माणूस; बायको आपोआप स्पंजमामी झाली. मामांनी गावभरच्या पाठी सुखी केल्या आणि घरातल्याच पाठीपुढे मात्र हात टेकले. मामींना अर्ध्या तासाच्या वर बसवत नसे. लेक परदेशात. पहिल्या बाळंतपणाला जायचं विमानाचं तिकीट रद्द करावं लागलं होतं. नातू तीन वर्षांचा झाला तरी मामींनी त्याला फोनच्या काचेपलीकडेच पाहिलेलं. आता लेकीला दुसरं होणार होतं.

"आई, या वेळी जमेल का गं?" लेकीने फोनवर विचारलं. मामी काही बोलायच्या आत मामांनी फोन हिसकावला. "चौदाच तास ना? मी बसवतो तिला. तू तारीख सांग!"

हातातलं काम बाजूला पडलं. मामांची पद्धत जगावेगळी. कुठे दुखतं, हे ते गिऱ्हाइकाला कधी विचारत नसत. भुशाच्या पोत्यावर बसवायचे आणि उठल्यावर पडलेला खड्डा चाचपून बघायचे. मामींना बसवलं, उठवलं, खड्ड्यात हात घातला आणि मामा ओरडले, "सगळा भार डावीकडे! इतकी वर्षं संसार केला आणि मला हे आज कळतंय!"

"मला कधीपासून माहीत आहे," मामी म्हणाल्या. "विचारलंत कधी?"

आठ दिवसांत खुर्चीवर ठेवायची स्पंजची बैठक झाली, कमरेमागचा लोड झाला, मानेचा पट्टा झाला. रविवारी सकाळी सहाला दुकानात तालीम सुरू. दोन खुर्च्या भिंतीला टेकवून शेजारी शेजारी, आणि समोर गुडघे अडतील इतक्या जवळ आणखी दोन. मामा शेजारचे प्रवासी झाले, आणि भूमिकेत असे काही शिरले की मामींच्या बाजूला कोपर रेटू लागले.

"अहो, परका माणूससुद्धा एवढा छळणार नाही!"

दर तासाला उठून दोघांनी टेबलाभोवती फेरी मारायची, हेही ठरलेलं. तिसऱ्या तासाला मामींच्या पायांना मुंग्या आल्या. मामांनी बैठक काढून बोटभर कापली. पुन्हा मुंग्या. पुन्हा कापली.

"अहो, पाय बघा, पाय!"

मामा खाली वाकले. एकेक पाय हलवून पाहिला. "घट्ट आहेत की! एकही डुगडुगत नाही."

"खुर्चीचे नाही हो, माझे!"

बैठकीने मामी चार बोटं वर गेल्या होत्या आणि त्यांचे पाय अधांतरी लोंबत होते. पाय म्हटलं की मामांना खुर्चीचेच आठवायचे. मामी पोट धरून हसल्या. मग नातवासाठी विणलेल्या स्वेटरांची पिशवी त्यांनी खाली ओढली, तिच्यावर पाय ठेवले आणि म्हणाल्या, "हं, आता बोला."

संध्याकाळी आठ वाजता चौदा तास भरले. मामी उभ्या राहिल्या, अगदी ताठ. मामा धावत गल्लीत गेले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "आमची ही विमानाने चालली!"

विमानातही तीच पिशवी समोरच्या सीटखाली, आणि तिच्यावर मामींचे पाय. दर तासाच्या फेऱ्या चुकल्या नाहीत; मधल्या वेळात मामी चक्क घोरल्या. मामांना आनंदाने झोप येईना. सगळ्या धांदलीत आपल्यासाठी काहीच शिवलं नाही, हे त्यांना नवव्या तासाला स्वतःच्या कमरेने कळवलं. तरी ते मान वळवून मामींकडे बघायचे आणि खूश व्हायचे.

विमान उतरलं. मामी ताडकन उठल्या. मामांना उठताच येईना!

लेकीने आईसाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. तिच्यात मामा बसले आणि मामी ढकलू लागल्या.

"स्पंज बसलाय हिचा," मामा दाबून बघत म्हणाले.

"गप्प बसा हो."

बाहेरचं दार सरकलं. कठड्यापलीकडे लेक उभी होती आणि तिचं बोट धरून नातू. तो डोळे मोठे करून ओरडला, "आजी फोनमधून बाहेर आली!"

मामींनी खुर्ची सोडली आणि धावत सुटल्या. मामा वाटेतच राहिले. ते नुसते डोळे भरून बघत होते, मामींचे पाय.