साऱ्या खिडक्यांना राखाडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. घराच्या खिडक्यांवरून मी ताईशी खोटं बोललो.

गावचं, इंझोरीचं जुनं घर उतरवून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं, तेव्हा ताई माहेरपणाला आली होती. मी लॅपटॉपवर घराचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर उघडून बसलो होतो. खिडकीच्या चौकटीवर क्लिक केलं की बाजूला रंगांची पट्टी उघडायची. निवडाल तो रंग चौकटीला, आणि कारखान्यातून चौकटी तशाच रंगून येणार होत्या. मी सगळीकडे राखाडी देत सुटलो होतो. ताई मागे उभी राहून बघत होती.

"काय बाप्पा! साऱ्या खिडक्या एकसारख्या? घर हाये का दवाखाना?" ती म्हणाली. "हिले लाल दे. बाबाच्या खोलीले निळा. सैपाकघराले हिरवा, पह्यलेवानी."

पहिल्यासारखा, म्हणजे आमच्या लहानपणीसारखा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यांच्या तळाशी थोडा थोडा ऑइलपेंट उरायचा. तो वाया जाऊ नये म्हणून ताई काडीला चिंधी गुंडाळून खिडक्या रंगवायची. एका डब्यात एक चौकट कधीच पुरी व्हायची नाही. मग वरची पट्टी हिरवी, बाजू लाल, असं काहीतरी. बाबा ओरडायचे, "खिडक्या हायेत का बैलं?" पण दरवर्षी उरलेले डबे तेच तिच्यासाठी ओट्यावर आणून ठेवायचे. घरभर पेंटचा वास, आणि माझ्या शाळेच्या सदऱ्याला हमखास एक डाग.

मला सगळं आठवत होतं. पण वास्तुशांतीला ऑफिसातली माणसं येणार होती. त्यांनी हसू नये, एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, "ताई, यात येगयेगळा रंग देताच येत नाई. एकीले देला का साऱ्यायले लागते."

"मंग तुह्या कम्प्युटरपक्षा आपले बैल बरे," ती हसली. "दोन शिंगायले दोन रंग लावून घेत." आणि चहा ठेवायला गेली.

ती आत गेल्यावर मी गुपचूप एकेक चौकट रंगवली. लाल, निळी, हिरवी. स्क्रीनवर आमचं जुनं घरच उभं राहिलं. आतून कपांचा आवाज आला, तसं मी सगळं पुन्हा राखाडी केलं.

वास्तूच्या दिवशी मामीनं चारचौघांत विचारलं, "खिडक्यायले असा राखेचा रंग काहून देला रे?"

मी तोंड उघडायच्या आत ताईच बोलली, "त्याचा काई दोष नाई मामी, त्याच्या मशीनमंदी सोयच नाई."

मीही मान डोलावली.

ताई अजूनही येते. खिडकीशी बसून शेंगा सोलते, उजेड चांगला येतो म्हणते. रंगाचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. सोय होती आणि मी तिच्याशी खोटं बोललो, एवढं तिला तोंडानं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.