एकवीस दिवस, अकरा देश

परवा नातीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. नवऱ्याबरोबर युरोपला निघालीय. तिथं फिरायला आगगाडीचा पास काढावा की जिथं जायचं तिथलं तेवढं तिकीट काढावं, यावरून दोघांचं आठ दिवस बिनसलेलं. पडद्यावर रकाने, रकान्यांत आकडे, आकड्यांपुढे लाल-हिरव्या खुणा. "आजी, तू फक्त बघ हं, तुला नाही कळायचं त्यातलं," असं म्हणत म्हणतच दाखवत होती.

मी चष्मा पुसला. मनात म्हटलं, बये, हाच पेपर मी तुझ्या आईच्या जन्माआधी सोडवलाय. कोपरगावच्या अलीकडं, उसाच्या फडाला लागून असलेल्या घराच्या ओट्यावर बसून. आणि माझ्याइतका चुकीचा तो आजवर कुणी सोडवला नसेल.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नगरची, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, लग्न होऊन शेतकऱ्याच्या घरात आले होते आणि कोपरगावच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. भूगोल शिकवत होते म्हणजे काय, तर पुण्याच्या पलीकडं न गेलेली बाई हातात छडी घेऊन ऱ्हाईन नदी कुठून कुठं वाहते ते मुलींना दटावून सांगत होती. आमचे हे साखर कारखान्यात यंत्रांवर होते. कारखान्यानं त्यांना वर्षभराच्या शिक्षणाला पश्चिम जर्मनीत पाठवलं. वर्ष संपताना तीन आठवड्यांची सुट्टी मिळणार होती. तिकडच्या भत्त्यातून वाचवून त्यांनी माझ्या विमानाची सोय केली आणि कळवलं, सुट्टीला हिला पाठवून द्यावं.

हे मला कळवलं नाही हं. तीर्थरूप वडिलांना कळवलं. आमच्याकडं पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावानं. मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचायचे आणि घरातली अकरा माणसं, शिवाय शेजारचे दोघं-तिघं, ऐकायचे. आधी बैलांची विचारपूस, मग उसाची, मग धाकट्या नणंदेच्या परीक्षेची. सगळ्यात खाली, जागा उरली तर, "हिला सांगणे" म्हणून एक ओळ. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि नवऱ्याकडून मला मिळालेला सगळा मजकूर एका पोस्टकार्डावर मावला असता. हे परदेशी जायच्या आधीही निराळं काय होतं? गळिताच्या हंगामात यांच्या शिफ्ट, हंगाम सरला की यंत्रांची दुरुस्ती, आणि घरी आले की अकरा माणसांतले बारावे. ताटात भाकरी वाढताना मी यांना भेटायचे.

म्हणजे ते तीन आठवडे काय होते, ते तुम्हाला कळलं. मला मात्र कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून मी भूगोलाच्या आड लपले. मला युरोप बघायचाय, सगळा बघायचाय, असं मी जाहीर केलं.

मुंबईच्या एका एजंटनं कळवलं की युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एक रेल्वेचा पास असतो. एकवीस दिवस कुठंही चढा, कुठंही उतरा, तिकिटाची खिडकीच नको. फक्त तो निघण्याआधी इथंच घ्यायचा, तिथं गेल्यावर मिळत नाही. वाचून माझ्या अंगात वारं शिरलं. एकवीस दिवस! शाळेतला ॲटलास घरी आणला, नणंदेच्या शिलाई मशीनचा दोरा घेतला आणि ओट्यावर युरोप मोजायला बसले. एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत दोरा ताणायचा, पट्टीवर धरायचा, प्रमाणानं गुणायचं. वाटेत आल्प्स आहे की पाणी आहे, हे दोऱ्याला काय कळणार? ते मला कळायला हवं होतं, पगार त्याचाच घेत होते. किती वेळ लागेल ते काढायला मनमाड-दौंड पॅसेंजरचा वेग धरला, कारण माझ्या ओळखीची गाडी तेवढीच. त्या हिशेबानं रोम इतकं लांब गेलं की मी वेग दुप्पट केला. मग तिप्पट. शेवटी माझ्या वहीत अकरा देश बसले. बेल्जियमला अडीच तास. लक्झेंबर्गला एक तास, तोही खिडकीतून. झोप सगळी चालत्या गाडीत.

ही वही मी शाळेतल्या बायकांनाही दाखवली. हेडबाई म्हणाल्या, "आल्यावर मुलींपुढे भाषण करा." झालं. आता अकराचे दहा करणंही शक्य नव्हतं.

इकडून पत्र मीच लिहायचे, मामा सांगतील तसं. बैल बरे आहेत, पाऊस बेताचा आहे. शेवटी माझी ओळ घुसवली : "पास घेणेच सर्व दृष्टींनी श्रेयस्कर ठरेल." नवऱ्याला लिहीत होते की शिक्षणाधिकाऱ्याला, देव जाणे. पत्र जायला दहा-बारा दिवस, यायला तेवढेच. यांचं उत्तर आलं. मामांनी बैलांपासून सुरुवात करून तळ गाठला आणि वाचलं : "हिला सांगणे, पास नको. तिकिटं इथं काढू. जिथं बरं वाटेल तिथं उतरू. घाई नाही."

मला असा राग आला! वर्षभर साहेबाच्या देशात राहून माणूस तसाच आळशी. मी परत लिहिलं, एका ओळीच्या चार केल्या, ऱ्हाईनपासून डॅन्यूबपर्यंत सगळं कोंबलं. त्याचं उत्तर यायच्या आतच एजंटकडून फॉर्म आला. सोमवारच्या टपालानं तो मुंबईला जायला हवा होता.

फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात अटी होत्या. शनिवारी शब्दकोश घेऊन बसले. पास पहिल्या वर्गाचाच होता. आणि जो माणूस सहा महिन्यांहून जास्त युरोपात राहिलाय, त्याला तो मिळत नव्हता.

हे तर वर्षभर तिथं होते. म्हणजे पास एकटीला. यांनी तिकिटं काढायची, आणि तीही दुसऱ्या वर्गाची, कारण पहिल्या वर्गाची परवडणारच नव्हती. शहाण्या बाईनं इथं फॉर्म फाडला असता, नाहीतर पास घेऊनही दुसऱ्या वर्गात नवऱ्याशेजारी बसायचं ठरवलं असतं. मी काय केलं असेल? नव्या पानावर आणखी एक रकाना आखला. "भेटीची स्टेशनं." कुठं गाडी जास्त वेळ थांबते, तिथं यांनी आपल्या डब्यातून उतरून माझ्या डब्यापाशी यायचं. अशा सोळा भेटी मी काढल्या होत्या. खोटं सांगत नाही, आकडा अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाटाला पाणी होतं. आमच्या भागात कालव्याला पाट म्हणतात, आणि प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायचे, खालच्या अंगाला दारं धरत होत्या, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवत होत्या. मी भाकरी घेऊन गेले. काखेत वही होतीच. ती वही मी तेव्हा तान्ह्या पोरासारखी सगळीकडं न्यायची.

"काय मास्तरीनबाई, किती देश झालं?"

"अकरा."

"मागल्या खेपेला नऊ हुतं की."

"दोन वाटेतच लागतात, आत्या. गाडी जातेच तिथून."

"मंग उतरनार कवा?"

"उतरायचं कशाला? खिडकीतून दिसतं की सगळं. पास एकवीस दिवसांचा आहे, एक दिवसही वाया घालवायचा नाही."

त्यांनी खोरं बांधाला टेकवलं आणि बोटानं पलीकडची पट्टी दाखवली. त्या पट्टीवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर होता. चार बाभळी आणि मधून मधून खुरटं गवत, बाकी काही नाही.

"ही पट्टी तुला ठावं हाय?"

"चोपण आहे ना ती? खारवट?"

"तुझ्या पुस्तकात असंल खारवट. म्या या घरात आले तवा हितं ऊस मानसाच्या डोईवर जायचा. मंग पाट आला. पाळी आली की सोड पानी. जमिनीला तहान हाय का न्हाई, कुनी इचारलं न्हाई. पाळी आपली हाय, सोडायची कशी? शेजारी घेईल ना! मामा रातंदिस हुबं ऱ्हायचं दारं धरून. पाजून पाजून मारली बग जमीन. खालचं मीठ वर आलं."

"त्याचा इथं काय संबंध, आत्या?"

"काय न्हाई. तुझ्या त्या पासावरनं आठवलं." त्यांनी पाण्यात हात धुतले आणि भाकरी सोडली. ठेचा बघितला, वास घेतला. मग विचारलं, "अन् त्यो कुटं बसनार?"

"कोण?"

"माझा ल्योक. का त्योबी खिडकीतनंच बगायचा?"

मी पहिल्या वर्गाचं, दुसऱ्या वर्गाचं सांगितलं. सोळा भेटींचा रकाना उघडून दाखवला. आत्यांना वाचता येत नव्हतं, पण रकाना चांगला लांबलचक दिसत होता. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हंजी इमानात बसून सात समिंदर जायाचं, अन् डबं येगळं?"

"स्टेशनवर भेटूच ना."

त्या हसायला लागल्या. आधी गालातल्या गालात, मग पदर तोंडाला लावून, मग इतक्या की शेजारच्या वाफ्यातलं पाणी फुटून वाहायला लागलं तरी भान नाही. "अगं, हे तर हितंबी चाललंय! त्याला जर्मन कशाला पायजे? परवाच्या कागदात काय लिवलंय पोरानं? म्हन बरं."

मला पाठ होतं. रागानं पाठ झालं होतं. म्हटलं, "तिकिटं इथं काढू. जिथं बरं वाटेल तिथं उतरू. घाई नाही."

"मंग?"

"मग काय? आळस आहे नुसता."

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की वर्गातल्या मठ्ठ पोरीकडं मी बघायचे ते आठवलं. "भूगोल शिकीवतीस व्हय गं तू? बापाला लिवलेला कागद. गावासमोर वाचायचा. त्यात नवरा याच्यापरीस जास्त काय लिवनार?"

कान तापले माझे. ती ओळ मी इतक्यांदा वाचली होती आणि एकदाही ऐकली नव्हती. जिथं बरं वाटेल तिथं उतरू. घाई नाही.

आत्या उठल्या, फुटलेलं दार बांधायला लागल्या. पाठ करूनच म्हणाल्या, "उद्याचा कागद तुझा तू लिव. त्याच्या नावानं. मामांना मी बगते."

तो फॉर्म सोमवारी गेला नाही. त्याच्या पाठीवर पुढं दोन महिने दुधाची टिपणं होत होती. पत्र मात्र गेलं. लग्नानंतरचं माझं पहिलं, थेट नवऱ्याच्या नावाचं, कुणी न वाचलेलं पत्र. हवं ते लिहायची मोकळीक होती, आणि सबंध दुपार बसून मी काय लिहिलं? "पास घेतलेला नाही. तिकिटं तिथंच काढू. मलाही घाई नाही." बस. मग वाटलं फार उघडं पडलो आपण, म्हणून खाली बैल बरे असल्याचं कळवलं.

तर अशी मी तिथं पोचले, पाचवारीवर नणंदेनं विणलेला स्वेटर घालून. दुसऱ्याच दिवशी आम्ही दुसऱ्या वर्गाची दोन तिकिटं काढली आणि समोरासमोर बसलो. गाडी सुटली. आजूबाजूला आमची भाषा कळणारं एक माणूस नाही. वर्षभर, खरं तर तीन वर्षं, ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि आम्हा दोघांना बोलायला शब्द सुचेना! हे खिडकीबाहेर बघताहेत, मी स्वेटरचं बटण फिरवतेय. अर्धा तास गेला. एक तास गेला. मला वाटलं, अकरा देश घेतले असते तर बरं झालं असतं, निदान मोजायला तरी काही असतं.

मग हे खाकरले. "पाटाला पाणी आलं होतं का?"

"आलं होतं."

"खालच्या पट्टीला दिलं?"

"एकदा दिलं. पुढच्या पाळीला आत्यांनी बंद केलं. म्हणाल्या, थोडी कोरडी राहू दे तिला."

"आई म्हणाली असं?" हे पुढं सरकले. "आणि दादा काय म्हणाले?" मामांना हे दादा म्हणायचे.

मग मी सांगत सुटले. मामा काय म्हणाले, आत्या काय म्हणाल्या, दोरा, मनमाडची पॅसेंजर, लक्झेंबर्ग. सोळा स्टेशनांचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेही सांगून बसले. हे इतके हसले की पलीकडच्या बाकावरची बाई वर्तमानपत्र खाली करून बघायला लागली. अशा हसण्याचा माणूस माझ्या घरात होता, हे मला तिथं कळलं.

गाडी एका लहान स्टेशनात हळू झाली. फलाटावर कुंड्या, मागं एक टेकडी, टेकडीवर गाई.

"बरं दिसतंय," हे म्हणाले.

"आपलं तिकीट पुढचं आहे."

"असू दे. उद्या दुसरं काढू."

आणि आम्ही उतरलो. चार दिवस राहिलो तिथं. एकवीस दिवसांत एकूण देश झाले तीन, त्यातला एक चुकीच्या गाडीत बसल्यामुळं. शाळेत भाषणाला उभी राहिले तेव्हा मुली वह्या उघडून नावं लिहून घ्यायला बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "बाई, तुम्हाला सगळ्यात काय आवडलं?" मी त्या स्टेशनाचं सांगितलं. नकाशात दाखवा म्हणाल्या. मी छडी घेऊन बराच वेळ नकाशासमोर उभी राहिले. नाव मी वाचलंच नव्हतं.