न फाटणारी, न विटणारी, न बुडणारी

थांबा, हातातलं सगळं खाली ठेवा! हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुगेल.

तर झालं असं की पुष्करच्या सरोवरात मी माझ्या सख्ख्या बापाला, एका पंड्याला आणि एका गायीला एकाच साडीत गुंडाळलं. मुद्दाम नाही. शिक्षणासाठी!

सुरुवात गणितापासून झाली. दहावीला मला गणितात एकोणीस. (शंभरपैकी. कुणी 'पंचवीसपैकी का गं?' असं आशेने विचारतं म्हणून आधीच सांगितलं.) सुरतेत, आमच्या नवागामच्या गल्लीत, बातमी माझ्याआधी घरी पोचलेली. आप्पा लूमवर कामाला. दिवसभर खटाखट आवाजात राहून त्यांना हळू बोलताच येत नाही. ते मायच्या कानात 'कुजबुजले', "पोरगी नापास झाली वाटतं!" आणि समोरच्या बिल्डिंगमधले लोक सांत्वनाला आले.

मायने मात्र धीर सोडला नाही. नवसच बोलायचा ठरला. मी म्हटलं, तापीमाय आहे ना इथं, दहा मिनिटांवर. रिक्षानेसुद्धा जाता येईल.

"तापीमायनं काम नही ते," माय म्हणाली. (माय चिडली किंवा देवाचं बोलली की थेट अहिराणीत.) "गणित तुना कपायवरच लिखेल नही शे. ज्यानं कपायवर लिखं, त्यानाकडेच जानं पडी."

म्हणजे साक्षात ब्रह्मदेव! आणि ब्रह्मदेव राहतात पुष्करला. म्हणजे हेड ऑफिसात जाऊन खाडाखोड करून घ्यायची. नवस असा, की पोरगी पास झाली तर पुष्करच्या सरोवराला साडी नेसवीन, या घाटापासून त्या घाटापर्यंत. सुरतेत तापीमायला या काठापासून त्या काठापर्यंत चुनडी नेसवतात ना, तशीच!

आणि मी पास झाले! दुसऱ्या फटक्यात छत्तीस! एक मार्क तर वर उरला!

आता मायची अट ऐका. सरोवराने साडी पोटात घेतली, तर नवस फिटला, मी अकरावीला जाणार. परत केली, तर देवाच्या मनात शिक्षण नाही. मग मी आत्याच्या घरी बसून दिवसभर साड्यांना टिक्क्या चिकटवायच्या. टिक्क्या म्हणजे त्या चमचम करणाऱ्या सोनेरी चकत्या. आमच्या गल्लीत निम्म्या बायका तेच करतात. गोंद, चिमटा, टिक्की. गोंद, चिमटा, टिक्की. मला सुट्टीत आठ दिवसांतच स्वप्नात वरण-भातावर टिक्क्या दिसायला लागल्या होत्या.

साडी आणायचं काम मी घेतलं. (इथेच घोडं पेंड खातं.) शेजारच्या नांदेडच्या काकी म्हणाल्या, "अगं संगे, पाण्यात सोडायचं लुगडं सुती घे. भिजतंय, जड होतंय, बसतंय खाली."

मी हसले. काय हसले! म्हटलं, "काकी, सुरतची माणसं सुती घेऊन गेली तर देव काय म्हणेल? जमाना नायलॉनचा आहे! फाटत नाही, विटत नाही, चुरगळत नाही!"

आप्पांच्या ओळखीने मिलमधून तागा मिळाला. गुलाबी नायलॉन, अकरा साड्या सलग, न कापलेल्या. छपाई जरा सरकलेली, म्हणून प्रत्येक मोराची चोच मोराच्या दोन बोटं पुढे चाललेली. पण दुरून कळत नव्हतं! आणि मी उत्साहाच्या भरात महिनाभर बसून त्यावर टिक्क्या चिकटवल्या. हो, टिक्क्यांपासून सुटायचं म्हणून टिक्क्या चिकटवल्या. मला गणितात एकोणीस का पडले ते आता तुम्हाला कळलं असेल.

घरात दिवसभर तिघं कापडात वावरणारे. आप्पा विणणारे, माय लेस लावणारी, मी टिक्कीवाली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की नायलॉन पाणी पीत नाही, हवा धरून तरंगतं!

रात्रभर रेल्वेने अजमेर, तिथून बसने डोंगर ओलांडून पुष्कर. उतरलो तर समोर सरोवर! चारी बाजूंनी पांढरे घाट, कबुतरं, घंटा, थंडगार वारा. मायने तिथेच रस्त्यावर हात जोडले. मी पण जोडले. म्हटलं, सरोवरबाप्पा, गुलाबी आवडतो ना?

घाटावर एका पंड्याने आम्हाला पकडलं. गोल पोट, तुळतुळीत डोकं.

"कहाँ से आए जजमान?"

"सुरत!" आप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले. घाटावरची सगळी कबुतरं उडाली.

"सुन रहा हूँ भैया, पास ही खड़ा हूँ."

संकल्प झाला, मंत्र झाले. मायने पायरीवर साडीचं एक टोक धरलं. आप्पा दुसरं टोक घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडच्या घाटाकडे निघाले. मी मधे तागा उलगडत होते. हे असं गुलाबी, चमचमतं, लांबच लांब! लोक थांबून बघायला लागले. एका गोऱ्या बाईने कॅमेरा काढला. मला तर वाटलं, आता वरून फुलंच पडणार!

"छोड़ो!" पंडा म्हणाला.

सोडली.

साडी पाण्यावर पसरली. आणि पसरूनच राहिली. वारा आला, खाली हवा शिरली, साडी मधोमध फुगली. सरोवरात गुलाबी मांडव! आणि तो मांडव हळूहळू, मोरांसकट, परत मायच्या पायाशी आला.

"डूबेगी, डूबेगी. श्रद्धा रखो," पंडा म्हणाला.

परत ढकलली. परत आली. तिसऱ्यांदा आप्पांनी छातीएवढ्या पाण्यात जाऊन ढकलली. ती आप्पांच्या आधी काठाला पोचली!

मायचा चेहरा उतरला. "ओ संगीना बाप... सरोवर साडी लेस नही हो!"

घेत नाही! माझ्या डोळ्यांपुढे आत्याची खोली आली. गोंद, चिमटा, टिक्की. गोंद, चिमटा, टिक्की. जन्मभर!

"घेईल गं माय, घेईल! लाजतंय ते!" असं म्हणून मी पंड्याची भरलेली पितळी घागर उचलली आणि वजन म्हणून साडीवर ठेवली. घागर घसरली, बुडूक झाली आणि तळाला गेली. सरोवराने घागर घेतली. साडी नाही घेतली.

"अरे मेरे दादाजी की गागर!" म्हणत पंडा पाण्यात.

मग मी एकच काम केलं. जे काम कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी पळत आले आणि फुगलेल्या साडीवर बसले!

इकडची हवा तिकडे गेली. तिकडे साडी ही एवढी उठली आणि धप्पकन आप्पा आणि पंडा या दोघांवर पडली. आतून दोन आवाज यायला लागले. एक राम-राम म्हणत होता. दुसरा ओरडत होता, "मशीन बंद कर! संगे, मशीन बंद कर!" (लूमवर धागा गुंतला की आप्पा हेच ओरडतात. सवय!)

मी उठून साडी ओढायला लागले, तर काठावरच्या टोकाशी एक गाय उभी. तिने काय आहे म्हणून मान घातली, शिंग अडकलं, ती दचकली आणि पायऱ्या चढायला लागली. साडी ताणली गेली. दुसरं कुठलंही कापड असतं तर फाटलं असतं हो! पण ही सुरतची! आप्पा आणि पंडा गोल फिरत, गुंडाळत गुंडाळत, पायरी-पायरीने वर! गोरी बाई फोटो काढतेय, रोल संपेपर्यंत! आणि गुंडाळीतून पंड्याचं फक्त डोकं बाहेर, आणि तो त्या अवस्थेतही ओरडतोय, "मैडम, घाट पर फोटो मना है!"

शेवटी दोन बाप्यांनी गायीला सोडवलं. गाय गेली. आणि मग मला दिसलं.

टिक्क्या! माझा गोंद पाण्यात विरघळला होता. एकूण एक टिक्की सुटली होती. अर्ध्या सरोवरात चमचम करत होत्या, अर्ध्या माणसांना चिकटल्या होत्या. आप्पांच्या मिशीत टिक्क्या. पंड्याच्या डोक्यावर तर एवढ्या, की ऊन पडल्यावर बघवेना. आंघोळ करून वर आलेली घुंघटातली एक म्हातारी स्वतःचे हात बघून ओरडली, "सोनो! सोनो बरस्यो!" आणि दहा-बारा बायका धपाधप पाण्यात!

मायला यातलं काही दिसत नव्हतं. ती पायरीवर बसलेली. मांडीवर ओली साडी, डोळ्यांत पाणी. हळूच म्हणाली, "पोरी, मन्ही लई इच्छा होती तू शिकावं."

आता मात्र माझं हसू गेलं. मला वाटलं होतं, अट घातली म्हणजे तिला मला घरीच बसवायचं असेल. ती तर माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. मी पंड्याकडे बघितलं. हात जोडले.

पंड्याने माझ्याकडे बघितलं, मायकडे बघितलं, डोक्यावरची एक टिक्की काढून बोटावर धरली. (दर्यादिल माणूस! घागर गेलेली असताना!) म्हणाला, "माताजी, रोती क्यों हो? स्वीकार हो गया. देखो, सरोवर ने गहने सब रख लिए. साड़ी आपको प्रसाद में लौटा दी."

मायने पदराने डोळे पुसले. पाण्यात चमकणाऱ्या टिक्क्यांकडे बघितलं. विचार केला. आणि खुदकन हसली!

"बराबर शे! मीबी असंच करतू. दागिना ठेई लिन्हात, लुगडं परत दिन्हं!"

नवस फिटला! आप्पांनी तीन बुड्या मारून घागर शोधून काढली, आम्ही निघताना पंड्याने आमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं, आणि फक्त एवढंच विचारलं, "फिर कब आना होगा?" आम्ही म्हटलं, लवकरच. तो जरा खालीच बसला.

तर मी अकरावीत आहे! आणि आज हे सगळं का आठवलं? आज सहामाहीचा पेपर मिळाला. आकडेशास्त्र, म्हणजे पुन्हा गणितच. पन्नासपैकी नऊ. मायने थेट पेटी उघडून साडी बाहेर काढली. प्रसाद म्हणून जपलेली. न फाटलेली, न विटलेली, मोर तसेच चोचीच्या मागे धावतायत. म्हणाली, आता कच्छमधल्या नारायण सरोवराला नेसवू.

मग काय, बसलेय. एका हातात पेन, दुसऱ्या हातात चिमटा. गोंद, टिक्की. गोंद, टिक्की.

तुमच्याकडेही असं झालंय का हो, की देवाने तुम्हाला पास केलं आणि वर घरचा अभ्यासपण दिला?