डावं झालं, आता उजवं

आमची कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हा घर रिकामं करायला तीन महिने मिळाले होते. मी पहिल्याच दिवशी तीन याद्या करून फ्रिजच्या दारावर लावल्या: ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. घरातल्या प्रत्येक वस्तूला या तीनपैकी एका यादीत जावंच लागणार होतं. नवऱ्याने त्या वाचल्या आणि विचारलं, "मी कशात आहे?" मला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

दोन दिवसांनी 'द्यायचे'च्या यादीत एक ओळ मी न लिहिलेली दिसली. अक्षर सासऱ्यांचं होतं. "विमानांची ट्रंक."

सासरे तेव्हा ऐंशी पार केलेले. सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, आणि सगळे रविवार विमानांत गेले. दीड हात पंखांची, रेडिओवर चालणारी छोटी विमानं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यांच्याकडे होता. बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाच्या पट्ट्या ते ब्लेडने कापत. सांगाड्यावर पातळ कागद चिकटवत आणि त्यावर पाणी फवारत. कागद वाळला की तबल्याच्या पुडीसारखा ताणला जाई. मग त्यावर नेलपॉलिशसारख्या वासाचं रोगण. सासूबाई खिडक्या उघडत म्हणत, "आज आमटीलाही तोच वास येणार आहे, आधीच सांगून ठेवते."

त्या जुन्या विमानांना आजच्यासारखा रिमोट नव्हता. सासऱ्यांच्या हातात पत्र्याचा एक डबा असे आणि डब्यावर एकच बटण. विमानाच्या पोटात पीळ दिलेला रबर. बटण दाबलं की रबर एक घर सुटायचा आणि शेपटीची पट्टी वळायची. पहिल्यांदा दाबलं की विमान उजवीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. क्रम ठरलेला. लागोपाठ दोनदा उजवीकडे वळायचं असेल, तर मधलं डावं नुसती टिचकी मारून घालवायचं. त्यामुळे विमान वर गेलं की महत्त्वाचा प्रश्न एकच: मागचं काय झालं होतं?

तो प्रश्न सासूबाईंकडे होता. मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून त्या मांडीवरच्या ताटात घेवडा निवडत, आणि बसचा नंबर सांगावा तशा आवाजात सांगत, "डावं झालं, आता उजवं."

"माहितीये," सासरे म्हणत. त्यांना माहीत नसायचं.

सासूबाई गेल्या आणि ट्रंक माळ्यावर गेली. तीन वर्षं ती कोणी उघडली नव्हती. आता सासऱ्यांनी परस्पर वाघोलीच्या एका कॉलेजशी बोलून ठेवलं होतं. तिथे विमानं काचेच्या कपाटात राहणार होती. सोमवारी गाडी येणार होती. मला ती ट्रंक जायला नको होती, कारण ती गेली की सासऱ्यांच्या रविवारांत पेपर आणि दुपारची झोप याखेरीज काही उरणार नव्हतं. पण ज्याची वस्तू त्याचा निर्णय, हा नियम मीच केला होता.

कॉलेजला द्यायचं तर आत काय काय आहे याची यादी हवी, म्हणून मी ट्रंक उघडली. तीन विमानं, दोन सुटे पंख, रबराची गुंडाळी, पत्र्याचा डबा. तळाशी एक पाकीट, न उघडलेलं, वरची पिन गंजून कागदाला चिकटलेली.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "क्रम लक्षात ठेवावा लागत नाही असं यंत्र. एकदा दाबलं की नेहमी उजवं, दोनदा दाबलं की नेहमी डावं."

"मग बसवलं का नाही?"

"राहून गेलं."

दाराची बिजागरी कुरकुरली तर चहा थंड होऊ देऊन तेल घालणारा माणूस. त्यांचं काही राहून जात नाही. पण मी यादीत "यंत्र, नवे, १" असं लिहिलं आणि पुढे गेले.

"द्यायच्या आधी एकदा उडवू तरी," नवरा म्हणाला. तो हडपसरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. वडिलांच्या छंदात त्याने कधी बोट घातलं नव्हतं, पण त्या शनिवारी त्याने सर्वांत लहान विमानाचा बंद पडलेला रेडिओ काढून नवा बसवला आणि तेलावर चालणाऱ्या इंजिनाच्या जागी सुपारीएवढी मोटर लावली. बटण आणि रबर बदलायचे नाहीत, ही सासऱ्यांची अट होती.

"आणि क्रम कोण सांगणार?" नवऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिच्याकडे वही असेलच."

रविवारी सकाळी ट्रंक गाडीत घालून आम्ही वाघोलीच्या पुढे एका मोकळ्या रानात गेलो. कोथरूडमधल्या त्यांच्या जुन्या मैदानावर आता बारा मजले उभे आहेत. रानाचे मालक मोटरसायकल थांबवून जवळ आले. "ह्ये ड्रोन हाय का?"

"नाही," सासरे म्हणाले. "ड्रोनला अक्कल असते."

नवऱ्याने विमान हातातून सोडलं. मी वही घेऊन तयार होते. विषम म्हणजे उजवं, सम म्हणजे डावं. विमान वळलं की एक खूण. समोरून येणाऱ्या विमानाचं उजवं आपल्याला डावीकडे दिसतं, म्हणून दिशेच्या भानगडीत मी पडणार नव्हते. नऊ खुणा झाल्या.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"उजवं झालं, आता डावं."

त्यांनी दाबलं. विमान उजवीकडे वळलं आणि बांधावरच्या बाभळीत जाऊन बसलं.

नवऱ्याने ते काढून आणलं. एका पंखाचा कागद फाटला होता. सासरे चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "किती खुणा आहेत?"

"नऊ."

"मी दहादा दाबलं होतं. मधे एक टिचकी मारली, ती तुझ्या वहीत नाही."

"विमान वळलंच नाही, तर मी खूण कशाची करणार?"

"विमानाकडे बघायचंच कशाला? बटण ऐकायचं. तुझी सासू कधी वर बघत होती?"

खरंच, इतक्या रविवारांत मी त्यांना एकदाही वर बघताना पाहिलं नव्हतं. त्यांची नजर ताटात असे.

मला काम सोपं करायची सवय आहे. मी म्हटलं, "बाबा, ते पाकिटातलं यंत्र बसवून टाकू ना. सांगायला कोणी लागणारच नाही."

ते पंखावर चिकटपट्टी लावत होते. ती नीट दाबून झाल्यावर म्हणाले, "ते बसवलं असतं, तर ती कशाला आली असती मैदानावर? विमानाची तिला काडीची आवड नव्हती."

नवरा बाभळीचे काटे हातातून काढत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सासऱ्यांनी रबराला नवा पीळ देऊन क्रम पुन्हा उजव्यावर आणला.

मी वही पिशवीत टाकली आणि ट्रंकेवर बसले, विमानाकडे पाठ करून. समोर ज्वारीची वाळलेली धाटं होती आणि त्यातून जाणारी मुंग्यांची रांग. निवडायला काही आणायला हवं होतं. मागे मोटरचा बारीक आवाज सुटला आणि वर गेला. मग टक्. पुन्हा टक्, आणि लगेच एक आखूड टक्. ती टिचकी.

"उजवं झालं, आता डावं," मी म्हटलं.

"माहितीये," सासरे म्हणाले.

दोन-तीन मिनिटं आमचं एवढंच बोलणं चाललं. मग मोटर थांबली, टकटकही थांबली, आणि बऱ्याच वेळाने ढेकळांवर काहीतरी हलकं घासल्याचा आवाज आला.

"पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं."

ते ट्रंकेपाशी आले आणि मला उठवून पत्र्याचा डबा आत ठेवला. "वास नाही या मोटरला," म्हणाले. परतताना कॉलेजची कमान दिसली तसे ते नवऱ्याला म्हणाले, "उद्याची गाडी नको म्हणून कळव त्यांना. रबर जुना झालाय, बदलायला लागेल."

घरी आल्यावर मी 'द्यायचे'मधली त्यांची ओळ खोडली आणि ट्रंक 'ठेवायचे'मध्ये घेतली. त्याखाली पाकिटाची ओळ वेगळी लिहिली: यंत्र, नवे, १. उघडू नये.