माझ्या जावेची चौकशी

गाडी चालवायला मी जावेच्या आधी शिकले. माहेर नांदेडचं, भावाचा छोटा टेम्पो होता, त्यावर हात बसला. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासरी टेम्पो होताच, भाजीपाल्याचा. सासऱ्यांना गुडघ्यांनी सतावलं तशी उदगीरची फेरी माझ्याकडे आली. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि नवी जाऊ म्हणाली, "अक्का, मलाबी शिकवा." शिकवलं. क्लच कसा सोडायचा, चढावर गाडी मागं न जाऊ देता कशी उचलायची, सगळं. शिकताना तिनं एकदा बाजार समितीच्या फाटकाला आरसा घासला, त्याचे पैसे मी भरले आणि घरात कुणाला कळू दिलं नाही.

आमच्या भागातल्या एका शाळेनं लहान मुलांच्या बससाठी बायका ड्रायव्हर हव्यात म्हणून सांगितलं. दोघींनी अर्ज केला. शाळेचं काम कडक होतं. लायसन्स आणि ड्रायव्हरचा बॅज खरे आहेत का ते आरटीओकडून बघणार, दंडाची जुनी चलनं बघणार, डोळे तपासणार आणि राहिलो त्या प्रत्येक गावच्या पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. मला धाकधूक वाटली नाही. डोळे चांगले, चलन एकही नाही. गाडी चालवून दाखवली तेव्हा तपासणाऱ्या माणसानं माझ्याकडं बघून मान हलवली होती, तिच्याकडं बघून नाही.

तिचा कागद पुढं सरकला. माझा नांदेडला अडकला.

लग्नाआधी गल्लीत नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं होतं. दोन्ही घरांनी एकमेकांवर मारहाणीच्या तक्रारी दिल्या आणि नावं लिहिताना घरातल्या सगळ्यांची लिहिली. मी तेव्हा ओट्यावर उभी राहून ओरडले, एवढंच. पुढं वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं, दोन्हीकडं चहा झाला. कोर्टात मात्र ते प्रकरण तसंच पडून होतं.

हे कळलं त्या दिवशी जाऊ भाकरी थापत होती. तिनं, "मिटंल अक्का, नका काळजी करू," म्हटलं आणि मला तिच्या हातातल्या बांगड्यांच्या आवाजाचासुद्धा राग आला. नवरा म्हणाला, एकजण तरी लागू दे. मी हो म्हणाले. पण ती एकजण मी का नाही, हे पीठ मळताना, कपडे धुताना, टेम्पोत वांग्यांची पोती चढवताना डोक्यात फिरत राहिलं.

एक दिवस दुपारी हवालदार तिच्या चौकशीला आले. ती डोळ्यांच्या तपासणीला गेली होती. सासरे झोपलेले. घरात जाबजबाब द्यायला मी एकटीच. त्यांनी पाणी घेतलं, नाव-गाव विचारलं, मग म्हणाले, "बाई कशी आहे? भांडण-तंटा, पिणं-बिणं काही?"

"काही नाही."

"गाडी कशी चालवते?"

फाटकाचा आरसा माझ्या जिभेवर आला होता. एवढं बोलले असते तरी खोटं ठरलं नसतं. मी म्हटलं, "चांगली चालवते. सावकाश."

"शिकली कुठं?"

"मी शिकवलं."

त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. "मग तुम्ही नाही अर्ज केला?"

मी सांगितलं सगळं. तेव्हा त्यांनीच सांगितलं की समोरचे तयार असतील तर लोकअदालतीत तडजोड करा आणि निकालाची प्रत जोडा. म्हणून मी नांदेडला गेले. ज्या शेजारणीवर ओरडले होते ती आता थकली होती, खाटेवर बसून मेथी निवडत होती. मीही बसले, निवडू लागले. तिची सून आधी तयार नव्हती. म्हातारी तिला म्हणाली, "पोरीच्या नोकरीचं हाय, जाऊ दे." दोन्ही घरं कोर्टात आली, सह्या झाल्या.

पोलिसांचा दाखला मिळाला तोवर जावेची बस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. शाळेनं मलाही घेतलं, पण बदली ड्रायव्हर म्हणून. कुणी सुट्टीवर गेलं की मी. रोज सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून निघते आणि मी टेम्पो धुते. सासरे आता पाहुण्यांना सांगतात, धाकटी शाळेची बस चालवते. मी बाजूलाच चहा गाळत असते.

मागच्या महिन्यात तिला ताप आला आणि तिची बस माझ्याकडं आली. त्या दिवशी मी जीव ओतून चालवली. एक गचका नाही, वळणावर कुणी सीटवरून सरकलं नाही. ती ब्रेक जरा जोरात दाबते, हे मला ठाऊक आहे. मुलं आपली खिडकीबाहेर बघत बसली होती. शेवटच्या थांब्यावर उतरताना एका मुलीनं दप्तर सावरत विचारलं, "आमच्या काकू उद्या येतील ना?"

मी म्हटलं, "येतील." आणि दार नीट लागलं का ते बघितलं.