क्रुसावरचा हार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही — आणि खरं तर तुम्हालाही सांगायचं नव्हतं. पण परवा पुन्हा सत्कार झाला. पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ, पुन्हा त्या हिऱ्यांच्या क्रुसाचा भलामोठा फोटो माझ्या डोक्यामागे. निवेदिका गहिवरून माझ्या प्रतिभेवर बोलत होती. मला इतका वैताग आला की मी पाणी मागितलं. लोकांना वाटलं, म्हातारा सद्गदित झाला. घ्या!

तो क्रूस तुम्ही कुठेतरी छापलेला पाहिला असेल. बोटाच्या दोन पेरांएवढा, साखळीत ओवून गळ्यात घालायचा. त्याच्या आडव्या दांडीवरून बारीक हिऱ्यांची एक माळ सैलसर झोल घेऊन खाली येते. त्या क्रुसाचं जे काही नाव झालं ते या माळेमुळे. तिच्यावर लेख लिहितात लोक. पूर्व-पश्चिमेचा संगम म्हणे! हे वाक्य मीच एका वार्ताहराला दिलं होतं. अठ्ठावीस वर्षांचा होतो, असली वाक्यं सुचायची. आता ते वाक्य काही माझी पाठ सोडत नाही.

संगम कसला डोंबलाचा? सांगतो. पण क्रमानं सांगू द्या — घाई झाली की मी खोटं बोलतो, ही माझी जुनी खोड आहे.

गिरगावात एका माडीवर आमच्या शेठचा दागिन्यांचा कारखाना होता. मी तिथे चित्रकार. म्हणजे गिऱ्हाइकाला हवा तो दागिना आधी कागदावर मापात काढायचा, खाली सही करायची, मग त्यावरून कारागीर तो घडवणार. खिडकीजवळचं टेबल, आर्ट स्कूलचं शिक्षण, त्यामुळे रुबाब भलताच. आणि मागच्या खोलीत सदा. तो तयार दागिन्यांना पॉलिश करायचा. राहायला करी रोडच्या चाळीत. आदल्याच वर्षी, छप्पन्न साली, त्याच्या घरच्यांनी धम्माची दीक्षा घेतली होती. कारखान्यात त्याचा चहाचा कप वेगळा होता — दीक्षेच्या आधीही आणि नंतरही. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आज जे सांगायचंय ते हे नव्हे. पण हेही आहेच.

सदाचा हात — काय सांगू? मी पट्टी-कंपास घेऊन सकाळ घालवायचो, आणि हा जेवणाच्या सुट्टीत रद्दी कागदावर अशी वेल काढायचा की माझं काम बघवेना. मला त्याचा राग यायचा. तो मला दोस्त समजायचा, त्याचा तर जास्तच.

एक दिवस परेराबाई आल्या. बाजूच्या वाडीतल्याच. मुलीच्या लग्नासाठी हिऱ्यांचा क्रूस करायचा होता. मी एक चित्र दाखवलं, दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. छान आहेत, म्हणाल्या, पण आमचा वाटत नाही. आमचा म्हणजे कसा, तर ते त्यांनाही सांगता येईना. मी इतका कावलो की डबासुद्धा उघडला नाही. सदानं हे सगळं आतून ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी तो न विचारता एक कागद घेऊन आला. कागदावर क्रूस होता, आणि क्रुसावर हार.

मी हसलो. त्यानं जन्मात एकच क्रूस नीट बघितलेला — कामाला येताना वाडीच्या तोंडाशी लागणारा, दगडी चौथऱ्यावरचा. त्याला तिथली माणसं नेमानं फुलांचा हार घालायची. म्हटलं, अरे वेड्या, हा हार काय त्याचा भाग असतो? तर तो खरोखर गोंधळला.

"हार नसलेला क्रूस असतो का रे?"

हा बघा तुमचा पूर्व-पश्चिमेचा संगम.

तरी कागद त्यानं माझ्याकडेच ठेवला. शेठला दाखव, माझं नाव सांग, म्हणाला. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. दोन दिवसांनी लालबागच्या मोर्चात पोलिसांनी त्याला धरला. मीही संयुक्त महाराष्ट्रवालाच होतो हो — घरी, चहा पिताना. रस्त्यावर घोषणा सुरू झाल्या की आम्ही कारखान्याच्या खिडक्या लावून घ्यायचो, आणि खिडकी माझ्याच टेबलाजवळ होती.

परेराबाई पुन्हा आल्या तेव्हा मी सदाचं चित्र चांगल्या कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं. त्या हारावरून नुसतं बोट फिरवत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. शेठनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. कुणी काढलं, असं कुणी विचारलं नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो — कुणी विचारलंच नाही! चित्राखाली सही करायची पद्धत होती. मी केली.

लग्नात तो क्रूस बड्या लोकांनी पाहिला, मग एका प्रदर्शनात मांडला गेला, मग पेपरात फोटो आला. खाली माझं नाव. सदा काही आठवड्यांनी सुटला, पण शेठनं त्याला परत घेतलं नाही. पोलिसांच्या यादीतला माणूस हिऱ्यांच्या कामात नको, म्हणाले. तो जिन्याखाली मला भेटला. हातात पेपरातलं कात्रण. भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं! तो म्हणाला, हार छान बसलाय. मग म्हणाला, चित्र माझं आहे हे शेठला कळलं तर चित्रं काढायला घेतील मला, तू सांगशील ना? सांगतो म्हटलं, वेळ बघून. पाच महिने मी वेळ बघत होतो. शेठ रोज माझ्यापासून चार हातांवर बसलेले असायचे.

इथवरचं तुम्ही ओळखलंच असेल. चोरी केली, बरोबर. चोरीची लाज वाटते, पण तिच्यासोबत जगता येतं, मी जगलो. खरं सांगायचंय ते पुढचं आहे — आणि बघा, अजून टाळतोच आहे.

सदाची बायको आली. तारावहिनी. कारखान्याच्या दारातच थांबली. आत या असं तिला कुणी म्हटलं नाही, मीही नाही. मीच बाहेर जिन्यावर गेलो. तिच्या मामेभावानं गिरणीत सदासाठी बदली कामगाराची जागा बघून ठेवली होती आणि उद्या उत्तर द्यायचं होतं. सदा नाही म्हणत होता. माझं चित्र पेपरात आलंय, शेठ बोलावतील, एवढंच धरून बसलेला. चाळीत लोक हसत होते.

"भावजी, तुम्ही त्यांचे दोस्त. ते चित्र त्यांनी काढलंय का? काढलं असंल तर मी थांबा म्हणते, एक वेळ उपाशी राहू. नसंल तर तसं सांगा. उद्या गिरणीच्या दारात उभं करते त्यांना."

शेठ त्या दिवशी बाहेर गेले होते. जिन्यावर आम्ही दोघंच. हो म्हणायला माझं काय जात होतं? ती शेठकडे जाणार नव्हती, पेपरात जाणार नव्हती. तिला फक्त आपल्या नवऱ्यावर विश्वास ठेवायचा होता.

मी म्हणालो, "नाही हो वहिनी. त्याला हौस आहे चित्रांची, एवढंच. जेलमधून आल्यापासून जरा मनावर परिणाम झालाय त्याच्या." एवढ्यावर थांबलो नाही. आवाजात काळजी आणली. सांभाळा त्याला, असंही म्हणालो.

सदा मग निवृत्त होईपर्यंत गिरणीतच होता. त्यानं पुन्हा कधी चित्र काढल्याचं मी ऐकलं नाही.

त्या दिवशी जिन्यावर वहिनीनं पदर सावरला आणि माझ्यापुढे हात जोडले.

"बरं झालं भावजी, तुम्ही तरी खरं सांगितलंत."